दुष्काळातली पाण्याची गोळी

तब्येत कशी आहे असं मला कुणी विचारलं, की मी आधी त्या माणसाला बसायला सांगते. उभ्याउभ्या उरकणारं काम नव्हे ते. साखर आहे, बीपी आहे, थायरॉईड आहे, पित्त आहे. दोन्ही गुडघे आहेत, म्हणजे नाहीत असंच म्हणा. आणि हृदयाचं एक झाकण सैल पडलंय म्हणतात. सत्तरीला आलं की डब्याचं झाकण सैल पडतं, हृदयाचं का पडू नये? ही सगळी मंडळी एकदम नाही आली. एकेक करून पाहुण्यासारखी आली, आणि मग कुणी जायचं नावच काढीना.

आमच्या ह्यांचं दुखणं थोडकं, पण माझ्या बरोबर उलटं. ह्यांना प्रोस्टेटची तक्रार. मला लघवी थांबायची नाही आणि ह्यांना व्हायची नाही. देवानं दोघांत मिळून एकच तोटी दिली असती तर भागलं असतं, असं मी एकदा पाहुण्यांसमोर बोलून गेले, तर हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

माझं माहेर उमरीकडचं, सासर नांदेडचं. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा ह्यांची बदली इकडं झाली. हे कारकून. ऑफिसात मी डबा द्यायला जायची. बाहेर मोठी पाटी लागली होती, आत खुर्च्या यायच्या होत्या. माणूस अर्ज घेऊन आला की त्याला सांगायचे, हे काम अजून उस्मानाबादला आहे. तो बिचारा तिकडं गेला की तिथले म्हणायचे, आता तुमचा जिल्हा वेगळा, आमच्याकडं कशाला आलात? म्हातारपणी माझ्या अंगाचा तसाच नवा जिल्हा झाला. प्रत्येक अवयवाला वेगळा साहेब. गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले, चालत जा. हृदयाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दमू नका. पित्ताचे म्हणाले, पोट रिकामं ठेवू नका, आणि साखरेचे म्हणाले, सारखं खाऊ नका. मी सगळ्यांना हाव, करते म्हणलं. हाव म्हणायला काय लागतं?

तर लातुरात आम्ही तीन खोल्यांचं घर बांधलं. ह्यांच्या पगारातून आणि माझ्या शिलाईच्या मशिनीवर. त्या भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मी मारलेलं आहे, कडेवर पोरगं घेऊन. ते पोरगं पुढं शिकलं, नांदेडला नोकरीला लागलं, तिथंच फ्लॅट घेतला. आणि मग तो दुष्काळ आला.

तसे दुष्काळ आम्हाला नवे नव्हते. पण हा असला की बोअर आटली, नळ कधी येईल ते नळालाही ठाऊक नाही, आणि प्यायचं पाणी आगगाडीनं यायला लागलं. गल्लीत टँकर आला की बायका भांडत नव्हत्या, कारण भांडायला घसा ओला लागतो. आंघोळ घमेल्यात बसून करायची. घमेल्यातलं पाणी फरशी पुसायला, आणि फरशीचं पाणी संडासात. पाणी असं घरभर फिरून, सगळ्यांची विचारपूस करून मगच बाहेर जायचं.

मुलाचा रोज फोन. "आई, सोडा आता ते लातूर. इथं गोदावरी आहे. घर भाड्यानं देऊन टाकू, तुम्ही दोघं कायमचे इकडं या."

"बघू," मी म्हणायची.

"बघू काय? पिंपातलं पाणी संपलं की काय बघशील?"

नांदेडला सून वाईट होती म्हणून मी जात नव्हते, असं कुणी समजू नका. सून फार चांगली, तीच तर अडचण. मला गॅसजवळ येऊ देत नाही, जड उचलू देत नाही. तिच्या घरी मी दिवसभर सोफ्यावर बसून आजारी असते. लातुरात मला आजारी पडायला वेळ मिळत नाही. आणि एकदा भाडेकरू घरात शिरला की ते घर आपलं राहत नाही, हे मी चार ठिकाणी पाहिलेलं होतं.

ह्यांचं मन मात्र डळमळून राहिलेलं. पिंपाचं झाकण उघडून आत बघायचे, मग टेबलावरच्या फोनकडं बघायचे. मला कळून चुकलं होतं. ज्या दिवशी पिंपाचा तळ दिसेल त्या दिवशी हे नांदेडला फोन लावणार, आणि घर गेलं.

आता ह्या पिंपाचा सगळ्यात मोठा शत्रू कोण, तर माझी पाण्याची गोळी. हृदयासाठी देतात ती. बारकीशी, पांढरी, दिसायला गरीब. अंगातलं जास्तीचं पाणी ती लघवीवाटे काढून टाकते. सकाळी घेतली की दुपारपर्यंत माझ्या संडासाला खेपा, आणि दर खेपेला बादली. घमेल्यातलं पाणी पुरायचं कुठून? साऱ्या गावाला पाणी मिळेना आणि मी आपली माझ्या अंगातलं पाणी काढायला पिंपातलं पाणी ओतून राहिले!

शेजारी अक्का राहतात. उदगीरकडच्या, लिंगायत, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. दुष्काळात तांब्याभर पाण्यात आंघोळ करायची कला त्यांनी काढली होती, शिवाय त्यातलं थोडं उरवायच्या. साखर, बीपी त्यांनाही. पाण्याची गोळी त्यांनाही.

मी म्हणलं, "अक्का, ही गोळी काही परवडत नाही."

"मी तर कवाच सोडली."

"कधी हो?"

"टँकर सुरू झाला तवाच. कोरड्या हिरीत मोटर चालवून काय करावं? जळती की."

मला एकदम पटलं. इतके डॉक्टर झाले, पण इतकं साफ कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

गोळ्या मला हे स्वतःच्या हातानं द्यायचे. तळहातावर सगळ्या मांडून, "हं, घे." मी सगळ्या गिळायची, ती एक गालात धरायची, आणि हे वळले की पदरात. पिंपाला लगेच गुण आला. पाणी दोन दिवस जास्त पुरायला लागलं. हे खूश. "बघ, काटकसर केली की होतं," असं मलाच सांगायला लागले.

पिंपातलं पाणी वाचलं, ते गेलं कुठं, तर माझ्या पायात. आधी चप्पल घट्ट झाली. म्हणलं, उन्हानं आवळली असेल. मग घोटे दिसेनासे झाले. मी आणि अक्का दुपारी ओट्यावर बसून एकमेकींच्या नडगीवर अंगठा दाबून बघायचो. खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा.

"तुझा खोल हाय," अक्का म्हणायच्या.

"तुमचाही काही कमी नाही."

"माजा उथळच हाय. पर रुंद हाय."

दम लागायला लागला तसं मी उशीवर उशी ठेवून झोपू लागले. एका सकाळी हे म्हणाले, "अगं, तू बसून काय झोपतीस? बसमध्ये आहेस का?" आणि त्यांची नजर माझ्या पायाकडं गेली. माझी चांदीची जोडवी बोटांत रुतून बसली होती, वरून फक्त एक रेघ दिसत होती. एका बोटाला जखम होऊन ते काळंनिळं झालेलं, आणि मला त्याचा पत्ताच नाही. साखरेनं पायाची जाणीव गेलेली, दुखणार कसं? ह्यांचा चेहरा बघून मी भ्याले, पाय बघून नाही.

रिक्षा करून डॉक्टरीणबाईंकडं गेलो. अक्काही आल्या, "माजंबी बीपी बगून घेते" म्हणून. डॉक्टरीणबाई तरुण, आम्हा बायांना मावशी म्हणणाऱ्या. त्यांनी पाय बघितला आणि हसायच्या थांबल्या.

"मावशी, जोडवी आत्ता कापायची. उशीर झाला तर बोट जाईल."

मी पाय मागं ओढला. "जोडवी कापायची नसतात बाई. नवरा असताना नसतात."

"मी इथंच बसलोय," हे म्हणाले. "मीच सांगून राहिलोय, काढ म्हणून."

"तुम्ही गप बसा. तुमच्यासाठीच घातलीत."

"मग माझ्यासाठीच काढ की!"

समोरच सोनाराचं दुकान. त्याला पकड घेऊन बोलावलं. तोही पक्का. आधी ह्यांच्याकडं वळून म्हणाला, "मालक, तुमची परवानगी आहे ना? जोडवी कापतो असं मी म्हणत नसतो. वाढवतो म्हणतो."

"वाढव बाबा, घटव, काय करायचं ते कर," हे म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, म्हणून मग मी पाय पुढं केला.

जोडवी निघाली, पण मी मोकळ्या बोटांनी घरी जाईना. मंगळसूत्र तुटलं तर दोऱ्यात हळकुंड बांधतात, तसं बोटाला बांधा म्हणलं. डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. "मावशी, बोटाला दोरासुद्धा नको. काहीच नको." मी रडायच्या बेताला आले. तेव्हा अक्कांनी माझी चप्पल उचलली आणि सोनाराकडून पिवळा दोरा घेऊन तिच्या पट्ट्याला बांधला. "हं. ही बी पायातलीच हाय. झालं?" मला ते चाललं. बाकी कुठल्या शास्त्रात आहे का हे मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

मग डॉक्टरीणबाई वळल्या मूळ प्रश्नाकडं. "इतकी सूज कशी? पाण्याची गोळी चालू आहे ना?"

"रोज घेती," हे छातीवर हात ठेवून म्हणाले. "मी स्वतः देतो."

मी छताकडं बघायला लागले. डॉक्टरीणबाईंनी अक्कांचा पाय धरला, नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. रुंद होता.

"दोघींना एकदम? अक्का, तुम्ही गोळी घेता?"

अक्का कशाला भितात! "पानी कुटं हाय बाई? गोळी घ्यावं तर बादली लागती. बादली तुमी देता का?"

डॉक्टरीणबाईंनी अक्कांचा पाय हलकेच खाली ठेवला. मग उठल्या, दार उघडून बाहेर बाकड्यावर बसलेल्यांना विचारलं, "पाण्याची गोळी कुणीकुणी बंद केली आहे? खरं सांगा, मी ओरडणार नाही." कुणी हालेना. मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या काकांनी टोपी सारखी करत हात वर केला. मग त्यांच्या शेजारणीनं. मग हात वर होतच गेले, जसं काही गुरुजींनी सहलीला कोण येणार विचारलंय. डॉक्टरीणबाई ओरडणार तरी कशा? त्यांच्याच दवाखान्याच्या संडासाला कुलूप होतं आणि वर कागद चिकटवलेला, 'पाणी नाही'.

ह्यांनी घरी आल्याआल्या फोन उचलला. पिंप अर्धं भरलेलं होतं तरी उचलला. संध्याकाळी मुलगा गाडी घेऊन दारात.

त्यानं माझा पाय मांडीवर घेतला, पट्टी बघितली. "आई, एका बादलीसाठी?"

"एका नाही रे. खेपेला एक."

त्याला हसू आलं नाही. "मी तिकडं भिऊन राहतो गं. फोन वाजला की आधी नंबर बघतो, लातूरचा तर नाही ना. आता माझं ऐक."

मी रात्रीच बोचकं बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घराला कुलूप लावलं. किल्ली मात्र कमरेला खोचली, मुलानं हात पुढं केला तरी दिली नाही.

तसे निघालो. निघताना मुलानं समोर उभं राहून गोळी गिळायला लावली, तोंड उघडून दाखवायला लावलं. त्याचं फळ त्यालाच मिळालं. गोळी चाकूरला बोलली. मग अहमदपूरला बोलली. मग लोह्याच्या अलीकडं, जिथं झाड नाही की झुडूप नाही, तिथं फारच मोठ्यानं बोलली. मुलगा पाठ करून उभा, ह्यांनी शालीचा आडोसा धरलेला. "तुम्हीही घ्या उरकून," मी ह्यांना म्हणलं. "माझं कुठं नशीब," हे म्हणाले.

नांदेडला मुलाचा फ्लॅट अगदी वरच्या मजल्यावर, लिफ्टचा. नळ कधीही सोडा, पाणी येतंय. सूज उतरायला लागली, दम थांबला. पण माझ्या हाताची सवय काही जाईना. संडासातली ती टाकी ओढली की एवढं पाणी भसकन जायचं, मला वाटायचं कुणाची तरी घागर मीच लाथाडली. मग मी आंघोळीचं पाणी घमेल्यात धरायला लागले. भाज्या धुतलेलं बादलीत, तांदूळ धुतलेलं पातेल्यात. सुनेच्या बाथरूममध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. ती हळूच ओतून द्यायची, मी पुन्हा भरायची.

"आत्या, इथं पाणी आहे हो," ती म्हणायची.

"आज आहे," मी म्हणायची.

मुलानं लातूरच्या घरासाठी भाडेकरूही बघून ठेवला होता. "पाय बरा झाला की एकदा जाऊन सामान आवरू," असं तो जेवताना बोलला, आणि माझा घास फिरायला लागला. पाय बरा होऊ नये असं वाटायला लागलं. म्हणजे बघा, ज्या बोटासाठी गाव सोडलं, त्याच बोटाला मी म्हणत होते, सावकाश बाबा, घाई नाही.

तिथं गच्चीवर बिल्डिंगची टाकी. रोज पहाटे भरून वाहायची, आणि पन्हाळीतून धो धो खाली रस्त्यावर. एवढ्या दुष्काळात! मी मुलाला सांगितलं, ह्यांना सांगितलं, लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगितलं. सगळे म्हणाले, हो ना, बघायला पाहिजे. शेवटी एका पहाटे मी एकेक पायरी बसत बसत गच्चीवर गेले. दोन गुडघ्यांनी चार शिव्या दिल्या. टाकीला दोन लाल चाव्या. एक बंद केली, गच्च. पाणी पडायचं थांबलं. मला इतकं समाधान झालं की मी तिथंच बसून राहिले, चांगलं उजाडेपर्यंत.

पाणी थांबलं ते त्याच वेळी खाली कुणी मोटर बंद केली म्हणून. मी बंद केलेली चावी होती सगळ्या घरांना पाणी सोडायची.

खाली आले तर घरात हाहाकार. सून डोक्याला शांपू लावून बाथरूमच्या दारात उभी, डोळे मिटलेले. जिन्यात माणसं. कुणी म्हणे मोटर जळली, कुणी म्हणे पाइप फुटला, कुणी प्लंबरला फोन लावतोय. गोदावरीकाठी बसून सगळी बिल्डिंग कोरडी. मी माझ्या बादल्या आणि पातेली बाहेर आणली. आधी सुनेचं डोकं धुतलं, मग शेजाऱ्यांना वाटप केलं. "बघा, सांगत होते की नाही? पाणी भरून ठेवावं." सगळे मला दुवा देऊन राहिले. आणि त्या भरात मी म्हणून गेले, "तरी मी म्हणत होते टाकी वाहू देऊ नका. आज पहाटे बंद केली तेव्हा कुठं थांबली."

जिन्यातल्या सगळ्यांनी आधी वर गच्चीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

त्या संध्याकाळी बिल्डिंगचे दोन सभ्य गृहस्थ येऊन चहा पिऊन गेले. ते गेल्यावर सून मुलाला म्हणाली, "अहो, आत्या आपल्याकडं राहिल्या तर आपल्यालाच घर बघावं लागेल. त्या भाडेकरूला नाही म्हणा, आपणच जाऊ लातूरला." ती गमतीत बोलली होती. पण मग माझ्याजवळ येऊन बसली. "आत्या, खरं सांगा. इथं करमत नाही ना?"

"करमतं गं. तू चांगली आहेस. पण मी इथं नुसती बसून आहे, आणि बसलं की मला चाव्या दिसतात."

तिनंच मुलाची समजूत घातली. त्याची अट एकच. गोळी चुकवायची नाही, आणि रोज सकाळी पायाचा फोटो फोनवर पाठवायचा. "तुझ्या शब्दावर माझा विश्वास नाही आई, तुझ्या घोट्यावर आहे." सुनेनं ह्यांना फोटो काढायला शिकवलं. मला नाही शिकवलं, मी वाकू शकत नाही.

लातुरात आलो. दुष्काळ होता तसाच होता. पण आमच्या मागं अक्कांनी गल्लीत एक कायदा केला होता. ज्याला पाण्याची गोळी आहे त्याला टँकरवर एक घागर जास्त. डॉक्टरीणबाईंनीही हाव म्हणलेलं. कायदा झाल्यापासून गल्लीत हृदयाचे रोगी फार वाढले. समोरचा पैलवान गडीसुद्धा छातीला हात लावून घागर घेऊन उभा राहायला लागला. अक्का त्याला म्हणाल्या, "दाखव नडगी." त्यानं पँट वर केली, अक्कांनी अंगठा दाबला, खड्डा पडला नाही. गेला बिचारा.

गोळी मी घेते. अक्काही घेतात, आम्ही एकमेकींसमोर घेतो. फोटोही रोज जातो. एका सकाळी मात्र मुलाचा फोन आला तो ओरडतच.

"आई! सूज एकदम उतरली! पण पायावर एवढे केस कशानं आले? गोळी बदलली का?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे चष्मा शोधत होते.

"अरे, ते तुझ्या बापाचे पाय आहेत."

त्यानं फोटो पुन्हा बघितला असावा. मग म्हणाला, "बाबांचे पाय इतके वाळलेत?"

"वय झालं रे. मीही आत्ताच बघून राहिले."

"मग त्यांचेही रोज पाठवत जा."

तेव्हापासून सकाळी उठलं की आम्ही दोघं पलंगाच्या कडेला पाय सोडून बसतो आणि हे फोटो काढतात. चष्मा सापडला नाही की फोटोत कधी दोन पाय येतात, कधी तीन. मग चार नीट दिसेपर्यंत पुन्हा काढायचा. चारही पाय नांदेडला पोचले, की आम्ही लातुरात चहा ठेवतो.